मार्गदर्शकाचे शोधनिबंध मोजावेत की त्याने दिलेला वेळ?

वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करायची असेल तर भरपूर शोधनिबंध असलेला नामवंत मार्गदर्शक निवडावा की फारसा नावाजलेला नसलेला पण वेळ देणारा, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ठाम आहे: वेळ देणारा. माझ्या सरांच्या नावावर मोजकेच शोधनिबंध होते आणि त्यांच्याइतका मोठा शास्त्रज्ञ मी जवळून दुसरा पाहिलेला नाही.

सरांचा विषय सह्याद्रीतल्या सड्यांवरची वनस्पती हा होता. जांभ्या दगडाच्या या पठारांवर मातीचा थर जेमतेम असतो, त्यात नत्र आणि स्फुरद फारच कमी, आणि म्हणूनच सीतेची आसवे किंवा दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती तेथे तग धरतात. हे पुस्तकात असतेच. सर मात्र भर पावसात ओल्या कातळावर पालथे पडून, भिंग आमच्या हाती देऊन, सीतेच्या आसवांच्या मुळासारख्या दिसणाऱ्या धाग्यांवरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या दाखवीत, आणि दारावरच्या केसाला सूक्ष्म जीवाचा स्पर्श होताच ती पिशवी एका मिलिसेकंदाच्या आत त्याला पाण्यासकट कशी ओढून घेते, हे अशा तन्मयतेने सांगत की पावसाचे भान राहत नसे. कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले आणि तेथे गर्दी लोटू लागली. सर त्याच्या कितीतरी आधीपासून त्या भागातल्या अनाम सड्यांवर दर पावसाळ्यात जात होते.

एका मुक्कामाविषयी सांगितलेच पाहिजे. आम्ही एका वाडीतल्या शाळेच्या ओसरीवर उतरलो होतो आणि दिवसभरात गेंदाचे, म्हणजे सड्यांवर उगवणाऱ्या पांढऱ्या गोंड्यांसारख्या फुलोऱ्याच्या छोट्या वनस्पतीचे (Eriocaulon), बरेच नमुने गोळा झाले होते. पावसाळ्यात दाबून ठेवलेल्या नमुन्यांचे कागद वेळेवर बदलले नाहीत तर त्यांना बुरशी लागते आणि सगळी मेहनत वाया जाते. कोरडे वर्तमानपत्र शिल्लक नव्हते. थकून आम्ही विद्यार्थी झोपी गेलो. पहाटे जाग आली तेव्हा सर शेजारच्या घरातल्या चुलीपुढे बसून एकेक ओला कागद शेकत होते आणि शेकलेल्या कागदांत नमुने पुन्हा मांडत होते. रात्रभर त्यांनी तेच केले होते. शिवाय प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, उंची, तारीख आणि फुलाचा ताजा रंग त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला होता, कारण वाळल्यावर रंग उडतो आणि पुढे तो नमुना पाहणाऱ्याला तो कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. गेंदाच्या कित्येक जाती नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात; सूक्ष्मदर्शकाखाली फुलाचे भाग आणि बीजाचे कवच पाहिल्याशिवाय नाव ठरवता येत नाही. त्यामुळे बी पक्व झाल्यावर त्याच जागी पुन्हा जायचे, हा सरांचा दंडक होता. ‘बीज पाहिल्याशिवाय नाव लिहू नका,’ एवढेच ते म्हणत.

त्यातून तयार झालेला माझा पहिला शोधनिबंध मी सरांच्या नावासकट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी ओळन्‌ओळ तपासला, तीनदा परत लिहायला लावला आणि शेवटी स्वतःचे नाव खोडले. लेखन माझे आहे, एवढेच त्यांचे कारण होते. विद्यार्थ्याच्या प्रत्येक निबंधावर आपले नाव घालून शंभरी गाठणारे मार्गदर्शक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्या शंभरीला मी शास्त्र मानत नाही.

आपल्याला व्यवहाराचेही सांगतो. नियमाप्रमाणे एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठपर्यंत विद्यार्थी असू शकतात. त्यांतल्या दोघा-तिघांना एकटे गाठून विचारा की मसुदा परत यायला किती दिवस लागतात आणि क्षेत्रकामाला सर किंवा मॅडम सोबत येतात का. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीने काढली असली तरी आपल्या विद्यापीठाचा नियम पाहून घ्या. विषय रेणुजीवशास्त्राचा असेल तर उपकरणे आणि अनुदान यांना पर्याय नाही, तेथे माझा सल्ला जसाच्या तसा लागू पडणार नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेल्यालाही सरांसारखी सावकाश पद्धत परवडेलच असे नाही.

परंतु आमच्याच विभागातले एक सहकारी सरांच्या निवृत्तीनंतर माझ्याशी वाद घालताना म्हणाले होते की सर माणूस म्हणून चांगले, पण त्यांचे शास्त्रीय योगदान काय? सरांनी गोळा केलेले नमुने आजही हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटांत आहेत, आणि सड्यांवरच्या गेंदावर काम करणाऱ्याला ते उघडावेच लागतात. त्या सहकाऱ्यांनी पुढे याच विषयावर निबंध लिहिला. त्यातल्या तपासलेल्या नमुन्यांच्या यादीत निम्म्याहून अधिक क्रमांक सरांचे आहेत, आणि आभारात त्यांचे नाव नाही.