‘निर्मम’ माणूस प्रेमळ कसा?

फोंड्याच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, देवळातील कीर्तनात बुवांनी भक्ताचे वर्णन करताना ‘निर्मम’ हा शब्द वापरला, आणि बातम्यांत तर ‘निर्मम हत्या’ असे वाचायला मिळते. मग सर्वांवर प्रेम करणारा माणूस निर्मम कसा, आणि लेकरांवरची ममता हा दोष समजायचा काय?

‘मम’ हे संस्कृतातील ‘अस्मद्’ या सर्वनामाचे षष्ठीचे एकवचन, म्हणजे ‘माझे’. त्याला ‘ता’ हा भाववाचक प्रत्यय लागून ‘ममता’ हा शब्द झाला, तेव्हा तिचा मूळ अर्थ माझेपणा एवढाच. आईच्या वात्सल्याची छटा त्यावर नंतर चढली आणि मराठीत तीच रूढ झाली. ज्याच्यापाशी हा माझेपणा उरलेला नाही तो निर्मम, आणि त्यात क्रौर्याचा लवलेशही नाही. ‘निर्मम हत्या’ हे हिंदीचे वळण आहे. आपल्याकडे त्या जागी ‘निर्घृण’ हा नेमका शब्द आहे, कारण संस्कृतात ‘घृणा’ म्हणजे दयासुद्धा. मराठीत त्या शब्दाला किळसेचा अर्थ चिकटल्यामुळे ही फोड सहसा ध्यानात येत नाही.

बुवांचा शब्द गीतेच्या 12व्या अध्यायातील 13व्या श्लोकातला आहे. तेथे ‘अद्वेष्टा’, ‘मैत्र’ आणि ‘करुण’ ही विशेषणे आधी येतात आणि त्यांच्या मागोमाग ‘निर्मम’ येते. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण मैत्री आणि करुणा जागच्या जागी ठेवून श्लोक फक्त मालकी काढून घेतो. ज्ञानदेवांनी ‘निर्मम’चा अर्थ ‘माझें कांहींचि न म्हणे’ अशा साध्या मराठीत सांगितला आहे, आणि त्याच ठिकाणी पाण्याचा दाखलाही दिला आहे: गाईची तहान भागवावी आणि वाघाला विष होऊन मारावे, असे पाणी कधी मनात आणत नाही.

म्हणून भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, लेकराला ताप आला असता रात्रभर उशाशी बसणे ही करुणा आहे आणि ती सोडायला कोणी सांगितलेले नाही; मात्र ‘माझा मुलगा आहे, तेव्हा त्याने माझ्याच पसंतीच्या मुलीशी लग्न केले पाहिजे’ या वाक्यातला जोर ज्या शब्दावर पडतो, तो ‘मम’ श्लोकाला नको आहे. नवरा-बायकोच्या नात्यालाही हेच लागू पडते.

मराठीने येथे आणखी एक सोय करून ठेवली आहे. ‘आमचे’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपले’ म्हणताना तो आत येतो, म्हणून ‘माझेपणा’ आणि ‘आपलेपणा’ हे शब्द जवळचे दिसले तरी त्यांच्या दिशा उलट आहेत. घरी कोकणी बोलणाऱ्या आम्हा गोवेकरांच्या मराठीत ‘आपले’च्या जागी पुष्कळदा ‘आमचे’ येऊन जाते, तेवढे सांभाळावे.

प्रेमासाठी ‘माया’ हाही शब्द आहे, आणि वेदान्तातील भ्रमाच्या अर्थामुळे तोही संशयित ठरतो. परंतु शिवणकामात कापडाचा जो भाग टाक्यांपलीकडे जास्तीचा ठेवतात, त्यालाही मराठीत मायाच म्हणतात. माझी मावशी मुलींची पोलकी शिवताना दोन्ही बाजूंना बोटभर माया ठेवत असे. पुढे मुलीचे अंग भरले की ती टाके उसवी, आणि तेच पोलके आणखी दोन वर्षे अंगाला बसे.