वाचक विचारतात : पंख उलटे, तिरके आणि बिनशेपटीचे

प्रश्न : एक्स-२९ या अमेरिकी प्रायोगिक जेटसारखे पुढे झुकलेले पंख लावून थर्माकोलचे रिमोटवरचे मॉडेल केले. वजन ६०० ग्रॅम, पंखांचा विस्तार १ मीटर, मुळाशी रुंदी २०० मिमी, टोकाशी १२० मिमी, पाव-रुंदीच्या रेषेचा (पुढच्या कडेपासून पाव रुंदीवरच्या रेषेचा) कोन २० अंश. शेपटी नेहमीसारखी मागेच आहे. पहिल्यांदा फेकताच नाक वर करून शेपटीवर आपटले. नाकात वजन वाढवून पुन्हा उडवले, तर वेग घेताना डावा पंख मुळाशी मोडला. काय चुकले?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत.

पहिला तोलाचा. सरळ पंखाच्या सवयीने सीजी (गुरुत्वमध्य, म्हणजे तोलाचा बिंदू) मुळाच्या पुढच्या कडेपासून ५० मिमी मागे, म्हणजे पाव रुंदीवर धरला असणार. तुमच्या मापांवरून वायुगतिकीय सरासरी रुंदी (साधी सरासरी नव्हे) १६३ मिमी येते आणि ती मधल्या रेषेपासून २२९ मिमीवर पडते. तिथपर्यंत पंख ८३ मिमी पुढे सरकलेला असतो. म्हणजे तोल मुळाच्या पुढच्या कडेच्याही ३३ मिमी पुढे हवा, पंख नसलेल्या जागी! पहिल्या उड्डाणाला इथेच धरा. ही मोजणी चुकवणारे तुम्ही एकटे नाहीत. मागे झुकलेल्या पंखात चूक उलट दिशेला जाते, विमान नाकाला जड होते आणि निदान सरळ तरी खाली येते.

दुसरा दोष अधिक खोल आहे. लिफ्टने (पंखाला वर उचलणाऱ्या बलाने) पंख वर वाकतो. टोक पुढे असल्यामुळे वाकताना वाऱ्याच्या दिशेतल्या छेदाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते. आघात-कोन (पंख आणि समोरून येणारा वारा यांतला कोन) वाढला की लिफ्ट वाढते, पंख आणखी वाकतो. लिफ्ट वेगाच्या वर्गाने वाढते, पंखाचा ताठपणा मात्र तेवढाच राहतो. म्हणून एका वेगाच्या पुढे पंख सावरतच नाही, पिळत जाऊन मोडतो. जर्मनीचे युंकर्स यू-२८७ याच आकाराचे, ऑगस्ट १९४४ मध्ये उडाले. पण धातूचा पंख पुरेसा ताठ करायचा तर वजन परवडत नाही, म्हणून ही कल्पना अनेक वर्षे मागे पडली. १४ डिसेंबर १९८४ रोजी उडालेल्या एक्स-२९ ने वाट काढली ती कार्बन-इपॉक्सीच्या आवरणातून: धागे पंखाच्या अक्षापेक्षा थोडे पुढे तिरके घातले, त्यामुळे पंख वर वाकला की टोकाचे नाक खाली पिळते.

तुम्ही हेच छोट्या प्रमाणात करा. ६ मिमी बाहेरच्या व्यासाची कार्बनची नळी पाव-रुंदीच्या रेषेवर बसवा. लिफ्ट तिथेच लागते, म्हणून पिळायला तरफेचा हात कमी मिळतो. भरीव कांडी नको, तेवढ्याच वजनात नळी पिळाला जास्त ताठ असते. दोन्ही नळ्या मध्ये जोडायला ३ मिमी प्लायची व्ही आकाराची पट्टी, दोन्हीकडे १०० मिमी आत. डावा पंख मुळाशी गेला तो बहुधा हा जोड कच्चा असल्यामुळे. मग वर आणि खाली, दोन्ही पृष्ठांवर एकदिश (सगळे धागे एकाच दिशेने असलेल्या) कार्बनची पट्टी, नळीपासून टोकाकडे जाताना १० ते १५ अंश पुढे झुकवून. चुकून मागे झुकली तर पट्टी घातक ठरते. त्यावर पातळ काचेचे कापड, धागे ४५ अंशांत. चिकटवायला इपॉक्सी, फेविक्विकने थर्माकोल विरघळते. आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात इपॉक्सी वाटीतच घट्ट होते, तेव्हा सकाळी लवकर, थोडे-थोडेच कालवा.

उडवण्याआधी चाचणी. पंख उलटा करून मूळ टेबलाला क्लॅम्पने घट्ट धरा. टोकावर ५०० मिमीची बांबूची काडी चिकटवा, धडाला समांतर, नळीला नव्हे. नाहीतर वाकण्यातून येणारा कोन दिसणारच नाही. पाव-रुंदीच्या रेषेवर वाळूच्या पुड्या, मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी, एका पंखावर एकूण १.२ किलो, हा चौपट भार झाला. काडीचे पुढचे टोक मागच्यापेक्षा ९ मिमी जास्त खाली गेले म्हणजे १ अंश वाढला. त्याहून जास्त असेल तर उडवू नका.

शिवाय पंखांना ३-४ अंश डायहेड्रल (टोके मुळापेक्षा वर उचललेली) द्या आणि उभी शेपटी नेहमीच्या दीडपट घ्या, कारण पुढचा झुकाव लोळण्यात आणि दिशेत दोन्हीकडे स्थैर्य खातो. फायदाही सांगायला हवा: स्टॉल (लिफ्ट एकदम ढासळणे) मुळाशी आधी होतो, टोकावरचे एलेरॉन (विमान लोळवणाऱ्या झडपा) शेवटपर्यंत हातात राहतात. फक्त मूळ मागे असल्याने त्या क्षणी नाक वर उसळते; एलेव्हेटरची (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या झडपेची) स्टिक लगेच पुढे ढकला. एक्स-२९ सारखे पुढे छोटे पंख लावायच्या मोहात आताच पडू नका. ते मूळ विमान मुद्दाम अस्थिर होते, संगणक सेकंदाला ४० वेळा सावरत असे.

प्रश्न : महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून उडणाऱ्या मिराज २००० लढाऊ विमानाला मागे आडवी शेपटी का नाही?
– लष्कर भाग, ग्वाल्हेर

उत्तर : त्रिकोणी पंखाच्या मागच्या कडेवरचे एलेव्हॉन (हलत्या झडपा) शेपटीचे आणि एलेरॉनचे, दोन्ही काम करतात. उतरताना नाक बरेच वर दिसते, कारण अशा पंखाला कमी वेगात पुरेशी लिफ्ट मिळवायला मोठा आघात-कोन लागतो. हा आकार एके काळी प्रयोगच होता: कॉन्व्हेअरचे एक्सएफ-९२ए १९४८ साली उडाले.

प्रश्न : एक पंख पुढे आणि एक मागे, असे कात्रीसारखे फिरणारे विमान खरेच उडाले का?
– थाटीपूर, ग्वाल्हेर

उत्तर : उडाले. नासाचे एडी-१, पहिले उड्डाण २१ डिसेंबर १९७९. कल्पना नासाचे वायुगतिकीतज्ज्ञ रॉबर्ट टी. जोन्स यांची. दोन लहान जेट इंजिने, फायबरग्लास आणि फोमची बांधणी, चाके कायम खाली, वेग ताशी सुमारे २७० किमी. धडावरच्या एकाच खुंटीवर अख्खा पंख हवेतच ६० अंशांपर्यंत फिरे. ऑगस्ट १९८२ पर्यंत ७९ उड्डाणे झाली. पुढचा अर्धा पंख पहिल्या उत्तरातल्यासारखा वाकून लिफ्ट वाढवतो, मागचा कमी करतो, म्हणून विमान एका बाजूला कलते. ४५ अंशांच्या पुढे तर नाक वर-खाली करणे आणि लोळणे एकमेकांत इतके मिसळते की वैमानिकाला ते जड जाऊ लागले. जोन्स यांचे लक्ष्य स्वनातीत प्रवासी विमानाचे होते, जिथे सममित मागे झुकावापेक्षा तिरका पंख धक्का-लहरींचा विरोध कमी देतो.