नवऱ्याला बैलाचं वय ठाऊक, बायकोची भाजी नाही

प्रश्न : ताई, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बचत गटाच्या बायांनी नवऱ्यांची परीक्षा घेतली, बायकोले कोणती भाजी आवडते, चहात साखर किती, चपलेचा नंबर काय. आमचे हे म्हणाले वांगं! वांग्यानं तर माझा घसा खाजवते. कपाशीचं वाण, बैलाचं वय सगळं तोंडपाठ हाय त्यांचं. सगळ्या हसल्या, मले लय वाईट वाटलं. (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : चपलेचा नंबर सोडा हो, तो कित्येकींना स्वतःचाच आठवत नाही. वांग्याचं मात्र खटकलं. पण मला सांगा, ह्यांना दिसणार कुठून? सगळ्यांची पानं वाढून झाली की आपण मागाहून बसतो, उरलेलं घेतो, आणि कोणी विचारलंच तर म्हणतो, मले काय, काहीबी चालते. जॉन गॉटमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, जोडप्यांवर वर्षानुवर्षं अभ्यास केलाय त्यांनी, एकमेकांच्या रोजच्या आवडीनिवडी नि काळज्या माहीत असणं ते फार महत्त्वाचं धरतात. तेव्हा रुसू नका, सांगा. बाजाराच्या दिवशी पिशवी देताना सरळ म्हणायचं, माझ्यासाठी अंबाडीची जुडी आणा, आणि रात्री भाकरीसोबत ती त्यांच्यासमोर बसूनच खायची. एकदा सांगून विसरतील, पुन्हा सांगा, बियाण्याचं वाण काय एका दिवसात पाठ झालं असेल का?

आणि वांग्यानं दरवेळी घसा खाजत असेल तर ॲलर्जी असू शकते, आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. जाताना ह्यांनाच सोबत न्या.