वाचकांचे प्रश्न : हेवी मेटल महोत्सवाला पहिल्यांदा जाताना

खुल्या मैदानात भरणाऱ्या हेवी मेटल, म्हणजे दणदणीत, जड गिटार-ड्रमच्या रॉक संगीताच्या, महोत्सवांविषयी मागील अंकात लेख प्रसिद्ध झाल्यानंतर, अशा महोत्सवाला पहिल्यांदाच जाणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रे वाचताना असे जाणवले, की बहुतेकांना धास्ती वाटते ती दिसायला भयंकर असलेल्या गोष्टींची. ज्यांमुळे खरोखर इजा होते त्या कानांच्या, तहानेच्या आणि दाट गर्दीच्या गोष्टींचा उल्लेख मात्र ओझरता येतो किंवा येतच नाही. म्हणून काही ठिकाणी विचारले त्याहून थोडे अधिक लिहिले आहे.

प्रश्न : मी बावीस वर्षांचा असून गेली सहा वर्षे हेडफोनवर मेटल ऐकत आलो आहे. आता तीन दिवसांच्या महोत्सवाला जाणार आहे. मॉश पिटची चित्रणे पाहून छातीत धडकी भरते. मंचाजवळ उभे राहावे की नाही?

मॉश पिट म्हणजे गर्दीच्या मधोमध आपसूक तयार होणारी मोकळी जागा, जिच्यात लोक संगीताच्या जोशात एकमेकांवर आदळतात. दुरून ती मारामारीसारखी दिसते. पण तेथे कोणी कोणाला इजा करण्यासाठी उतरलेले नसते. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी मेटल कार्यक्रमांच्या चित्रणांचा अभ्यास करून २०१३ मध्ये असे दाखवून दिले, की मॉश पिटमधील माणसांच्या वेगांची विभागणी वायूतील रेणूंच्या वेगांसारखी असते, आणि एकाच दिशेने गोल धावण्याच्या ‘सर्कल पिट’मध्ये मात्र तीच माणसे भोवऱ्यासारखी फिरू लागतात. या गोंधळाचे अलिखित नियम अत्यंत कडक आहेत. कोणी पडला की जवळची माणसे त्याला तत्काळ उभे करतात. कोणाचा बूट किंवा चष्मा हाती लागला, तर तो उंच धरून उभे राहायचे असते. कोपर उंचावायचे नाही, मूठ वळायची नाही, आणि ज्याला आत यायचे नाही त्याला ओढायचे नाही. जो हे पाळत नाही, त्याला आजूबाजूचे लोकच बाहेर काढतात.

पहिल्या दिवशी पिटच्या कडेला, परंतु एक-दोन रांगा मागे उभे राहून नुसते पाहावे. आत जावेसे वाटले, तर बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधाव्यात, गळ्यातील साखळी, कानातले आणि खिशातील किल्ल्या काढून ठेवाव्यात, आणि दमल्याची जाणीव होताच बाहेर यावे. गायकाने गर्दीला दोन भागांत विभागून मध्ये रिकामी वाट करायला सांगितले, तर ‘वॉल ऑफ डेथ’ होणार आहे असे समजावे : संकेत मिळताच दोन्ही बाजू धावत येऊन एकमेकींवर आदळतात. पहिल्या खेपेस त्यापासून दूर राहावे, हे मी निःसंकोच सांगतो.

आता ज्याविषयी आपण विचारलेले नाही, त्याविषयी. पिटमध्ये हालचालीला मोकळी जागा असते. खरा धोका असतो तो मंचासमोरच्या कठड्याजवळ, जेथे हजारो लोकांचा रेटा मागून येतो आणि पुढे सरकायला जागाच उरत नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे झाली, की गर्दी द्रवासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उसळतात आणि एकट्या माणसाच्या ताकदीला काही अर्थ उरत नाही. इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे १९८८ च्या ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सवात अशाच रेट्यात दोन तरुणांचा मृत्यू झाला. चेंगराचेंगरीत माणूस बहुधा छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने दगावतो. म्हणून गर्दी दाटत आहे, हात वर काढायलाही जागा नाही, आणि आपल्या इच्छेविना पाय सरकत आहेत, असे जाणवताच दोन्ही हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीसमोर आणावेत आणि फुप्फुसांना जागा राखावी. लाटेशी झुंजू नये. ती ओसरून क्षणभर सैलावा येतो तेव्हा तिरके, कडेच्या दिशेने सरकावे. खाली पडलेली वस्तू उचलण्यासाठी वाकू नये. कठड्याला अगदी टेकलेले असाल, तर समोरच्या सुरक्षारक्षकाला खूण करावी. तो आपल्याला वरून उचलून बाहेर घेतो. त्यासाठीच तो तेथे उभा असतो, त्यामुळे मदत मागण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी तिच्या मावशीबरोबर मेटल महोत्सवाला जाण्याचा हट्ट धरून बसली आहे. मला तिच्या संगतीची काळजी नाही. पण एवढ्या आवाजाने कान बिघडणार नाहीत का?

आपली काळजी अगदी योग्य जागी आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी तज्ज्ञ जो हिशोब वापरतात, त्यानुसार ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलमागे हा अवधी निम्मा होत जातो. म्हणजे १०० डेसिबलला तो अवघ्या १५ मिनिटांवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जे निकष जाहीर केले, त्यांत १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा, श्रोत्यांसाठी इअरप्लग आणि कानांना विश्रांती देणारी शांत जागा यांचा समावेश आहे. मर्यादा पाळली गेली, तरी दहा-बारा तास मैदानात काढणाऱ्याला इअरप्लगशिवाय गत्यंतर नाही. आतल्या कानातील ज्या सूक्ष्म केसपेशी ध्वनी टिपतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

फोमचे इअरप्लग स्वस्त असतात आणि आवाज पुष्कळ रोखतात. मात्र त्यांमुळे वरच्या पट्टीतले स्वर अधिक दबतात आणि गिटार दुलईआडून वाजल्यासारखी वाटते. संगीतासाठी बनवलेल्या, आत गाळणी असलेल्या इअरप्लगमध्ये सर्व पट्ट्या जवळजवळ सारख्या प्रमाणात खाली येतात, त्यामुळे तबलजीच्या बोटांइतकी बारीक असलेली दुहेरी बास-ड्रमची टापही वेगळी ऐकू येते. मुलीला असे दोन जोड घेऊन द्यावेत, कारण एक हमखास हरवतो. फोमचा इअरप्लग घालण्याचीही पद्धत आहे : तो बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, इअरप्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. ही सवय तिला घरीच करू द्या. मैदानात पहिले वाद्य वाजण्यापूर्वीच ते कानांत असावेत, आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर तिने उभे राहू नये.

मी स्वतः पहिल्या महोत्सवाला काहीही न घालता गेलो होतो. परतल्यावर तीन दिवस कानांत शिटी वाजत होती, आणि तिचा एक बारीक धागा आजही रात्रीच्या शांततेत ऐकू येतो. म्हणून या प्रश्नाला एवढी जागा दिली. कार्यक्रमानंतर कान दडे बसल्यासारखे वाटले किंवा आवाज येत राहिला आणि दुसऱ्या दिवशीही तो ओसरला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. तिला जाऊ द्यावे, असे माझे मत आहे. फक्त वयाची अट आणि सोबतच्या मोठ्या माणसाकडे कोणते संमतिपत्र असावे लागते, हे तिकिटाच्या नियमांत आधी वाचून घ्यावे.

प्रश्न : हेडबँगिंगमुळे मानेला खरोखर इजा होते का?

होऊ शकते. हेडबँगिंग म्हणजे संगीताच्या ठोक्यावर डोके जोरजोरात झुलवणे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हेडबँगिंग केल्या जाणाऱ्या गाण्यांची सरासरी गती मिनिटाला सुमारे १४६ ठोके होती, आणि त्या गतीला डोके ७५ अंशांहून अधिक कोनात झुलवल्यास डोक्याला सौम्य इजा होण्याचा संभव दिसला. डोके कमी कोनात हलवावे, किंवा दर दुसऱ्या ठोक्यालाच हलवावे, हा त्याच अभ्यासातला सल्ला उत्तम आहे. अनुभवी माणसे केवळ मानेतून हिसका देत नाहीत. ती पाय रोवून, गुडघे सैल ठेवून कमरेपासून वाकतात. दुसऱ्या दिवशी मान अवघडली, तर त्यात विशेष काही नाही. परंतु चक्कर, उलटी, तीव्र डोकेदुखी किंवा हाताला मुंग्या आल्यास वैद्यकीय तंबू गाठावा.

प्रश्न : आम्ही तीन मैत्रिणी मैदानावरच तंबूत राहणार आहोत. कपडे, पाऊस, पाणी, सुरक्षितता यांबाबत काय तयारी करावी?

पावसाची तयारी सर्वांत आधी करा. जर्मनीतील वाकन हे जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव. तेथे १९९० पासून भरणारा ‘वाकन ओपन एअर’ हा जगातील सर्वांत मोठ्या मेटल महोत्सवांपैकी एक आहे, आणि चिखलाच्या बाबतीत त्याच्या आयोजकांइतका अनुभव क्वचितच कोणाला असेल. तरीही २०२३ च्या पावसात त्यांना प्रवेश मध्येच थांबवावा लागला, आणि तिकीट हातात असलेले हजारो लोक वाटेतून परतले. तेव्हा निघण्यापूर्वी आणि वाटेतही आयोजकांच्या सूचना वाचत राहा. घोट्याच्या वर येणारे, आधीच पायात रुळलेले बूट घाला; नवे बूट पहिल्याच संध्याकाळी फोड आणतात. छत्री गर्दीत चालत नाही, म्हणून रेनकोट घ्या. रोजचा मोज्यांचा एक कोरडा जोड स्वतंत्र, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून ठेवा आणि ती पिशवी शेवटच्या दिवसापर्यंत पुरवा. तिसऱ्या दिवशी कोरड्या मोज्यांची किंमत कळते.

तंबू घरी एकदा उभारून पाहा, कारण मैदानावर बहुधा अंधारात किंवा वाऱ्यात तो उभारावा लागतो. तो उंचवट्यावर आणि मुख्य वाटेपासून थोडा आत लावा. थंडी किंवा पाऊस कितीही असो, गॅसची शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही आणू नका. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

पाण्याच्या बाबतीत तहान लागण्याची वाट पाहू नका. काळे कपडे, ऊन, दिवसभर उभे राहणे आणि त्यावर मद्य, या मिश्रणाने वैद्यकीय तंबूत पोहोचणारे लोक पिटमध्ये जखमी झालेल्यांहून कमी नसतात, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे. थोडे थोडे पाणी पीत राहा आणि घाम फार गेल्यास मिठाचा अंश असलेले पेय घ्या. नुसतेच पाणी तासन्‌तास भरमसाट पिणेही घातक ठरू शकते.

हजारो फोन एकाच वेळी चालू असल्याने संपर्क तुटतो, हे गृहीत धरून दिवसा एक आणि रात्री एक अशा भेटीच्या दोन जागा ठरवा आणि वेळही ठरवा. एकमेकींचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. सुरक्षिततेविषयी स्पष्टच लिहितो. गर्दीचा फायदा घेऊन अंगाला हात लावणारे लोक येथेही असतात, आणि मेटलप्रेमींच्या बंधुभावाच्या गोष्टी सांगताना ते लपवणे मला अयोग्य वाटते. असे झाल्यास मोठ्याने सांगा. आजूबाजूचे श्रोते बहुतेक वेळा तत्काळ तुमच्या बाजूने उभे राहतात. अनेक महोत्सवांत अशा तक्रारींसाठी स्वतंत्र मदत-पथक असते. त्याची जागा पोहोचताच नकाशावर शोधून ठेवा.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. तरुणपणी ‘ब्लॅक सॅबथ’ खूप ऐकले, नंतर सारे सुटले. भाचा महोत्सवाला चल म्हणतो. तेथील निम्म्याहून अधिक बँडची नावेही मला ठाऊक नाहीत. मी तेथे परका ठरेन का?

मुळीच नाही. ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम १९७० सालचा आहे, तो तेव्हा विकत घेणारे श्रोते आज सत्तरीकडे झुकले आहेत किंवा ती ओलांडून गेले आहेत, आणि त्यांतले कित्येक जण दरवर्षी मैदानावर असतात. काळा टी-शर्ट आणि बँडचे बिल्ले शिवलेले बिनबाह्यांचे डेनिम जॅकेट तुम्हाला सर्वत्र दिसेल, पण तो गणवेश नव्हे. साध्या कपड्यांत गेलात तरी कोणी वळून पाहणार नाही. दोन बोटे उंचावण्याची खूण तेवढी शिकून घ्या. ती लोकप्रिय केली गायक रॉनी जेम्स डिओ यांनी, १९७९ मध्ये ते तुमच्याच ‘ब्लॅक सॅबथ’मध्ये आल्यानंतर, आणि त्यांच्या सांगण्यानुसार ती त्यांच्या इटालियन आजीची, दृष्ट लागू नये म्हणून करायची खूण होती. तर्जनी आणि करंगळी वर, अंगठा मधल्या दोन बोटांवर दुमडलेला. अंगठा मोकळा राहिला, तर अमेरिकी खुणांच्या भाषेत तिचा अर्थ ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असा होतो.

बँडच्या नावांचे दडपण घेऊ नका. निघण्यापूर्वी महिनाभर भाच्याकडून रोज एका बँडची दोन गाणी ऐकून घ्या आणि त्यांतून दिवसाला चारच निवडा. संथ, जड चालीचे डूम मेटल तुम्हाला बहुधा लगेच आपलेसे वाटेल, कारण त्याचे मूळ तुम्ही तरुणपणी ऐकलेल्या गाण्यांतच आहे. घशातून गुरकावत गायलेल्या गाण्यांत पहिल्यांदा शब्द शोधू नका. तो आवाज एक वाद्य समजून ड्रमबरोबर ऐका. उभे राहायला सर्वांत चांगली जागा म्हणजे मैदानाच्या मध्यावर असलेल्या ध्वनिनियंत्रण कक्षाच्या किंचित पुढे किंवा शेजारी, कारण ध्वनितंत्रज्ञ तेथेच बसून, स्वतःच्या कानांना जे ऐकू येते त्यावरून मिश्रण जुळवत असतो. रेटाही तेथे कमी असतो. घडीची खुर्ची आत नेता येते का, हे आधी विचारून घ्या. गुडघ्यांचा किंवा चालण्याचा त्रास असेल, तर अनेक ठिकाणी उंचावरची राखीव बैठक मिळते, मात्र तिची नोंदणी बहुधा काही आठवडे आधी करावी लागते. मधल्या दुपारी एखाद्या लहान मंचाकडे ठरवून जा, जेथे नाव न ऐकलेला बँड शे-दोनशे माणसांसमोर जीव ओतून वाजवत असतो. माझे आवडते बँड बहुतेक तेथेच सापडले आहेत.