डिसेंबरात लेकीला घेऊन नदीकाठाने सायकल: नकाशाआधी ऊस बघा

ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की नदीच्या पलीकडच्या काठाने बारीक रस्ता दिसतोय, बंधाऱ्यावरून नदी ओलांडून मुक्कामी जायचं, आणि थोडा टप्पा कालव्याच्या रस्त्याने करायचा म्हणून आधी परवानगीचं पत्र काढायचं. नाताळची सुट्टी, तीन दिवस, तुम्ही दोघं आणि अकरा वर्षांची मुलगी. २०१९ साली माझ्या वहीत हाच बेत होता. माझी लेकही तेव्हा अकराचीच होती. लांबण लागेल, पण सगळं लिहिते.

सायकल कसली, गिअर किती, पाणी किती हे सोडून देते. तुम्ही दोन वर्षं चालवताय, ते तुम्हाला माहीत आहे.

रस्ता तुम्ही बरोबर हेरलाय. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या सह्याद्रीतून पूर्वेला येतात आणि प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र होऊन पंचगंगा होतात. बहुतेक खोऱ्यांत मोठा रस्ता एका अंगाला असतो. गगनबावड्याचा रस्ता घ्या, करूळ आणि भुईबावडा घाटाने कोकणात उतरणारी सगळी वाहतूक त्याच्यावर. समोरच्या काठाला मात्र गावातून गावात जाणारा अरुंद रस्ता असतो आणि त्यावर तासाला दोन-चार मोटारसायकली. दोन्ही काठांना जोडतात ते आमचे कोल्हापुरी बंधारे, म्हणजे पाणी अडवणारे बुटके बंधारे, ज्यांच्यावरून पलीकडे जाता येतं. म्हणजे नकाशात चूक काही नाही, फक्त त्यात महिना लिहिलेला नसतो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला होता. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट आहे, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दिवाळीतही पाऊस रेंगाळला आणि साखर कारखान्यांचा हंगाम लांबला. त्यामुळे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आम्हाला सोन्यासारखा मिळाला होता. शाळेला सुट्टी, चिखल वाळलेला, ऊस अजून उभा, कारखाने बंद. सायकलसाठी याहून चांगले दिवस या जिल्ह्यात मिळत नाहीत. तेच दिवस मी एका कागदासाठी घालवले.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी सांगितलं, अर्ज आणा. अर्ज आवकमध्ये नोंदवला, तर साहेब दौऱ्यावर. पुढच्या खेपेला हाताने काढलेला नकाशा मागितला, दोन प्रतींत. तो दिला, तर तो टप्पा आमच्याकडे येतच नाही म्हणाले, दुसरीकडे जा. दुसरीकडे मला विचारलं, असली परवानगी आम्ही देतच नाही, तुम्हाला पाठवलं कुणी? पाच खेपा, दोन अर्ध्या रजा. यातलं कुणी उद्धट नव्हतं, चहासुद्धा विचारला. पण पहिल्याच दिवशी "हे आमच्या हातात नाही" एवढं कुणी म्हटलं असतं तर आम्ही चौथ्या दिवशी सायकलवर असतो. आणि याहून वाईट गोष्ट अशी की तिथेच मी त्या बंधाऱ्याबद्दल विचारलं तेव्हा टेबलावरच्या माणसाने रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि सांगितलं, "चालू आहे. पूर्ण चालू." मी विश्वास ठेवला. रजिस्टरमधली ती नोंद पुराच्या आधीची असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

निघालो तोवर डिसेंबर उजाडला होता. कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडून, म्हणजे उसाचं गाळप सुरू होऊन, दिवस झाले होते.

सकाळ फार सुंदर गेली, हे सांगायलाच हवं. नदीवर धुकं, दुधाचे कॅन घेऊन निघालेले लोक, लेक पुढे आणि आम्ही मागे. दुपारी साडेतीनला बंधाऱ्यावर पोचलो तर मधल्या दोन गाळ्यांवरचा स्लॅबच नाही. खाली पाणी तुंबलेलं. म्हशी घेऊन आलेली पोरं म्हणाली, "पुरात गेलाय की काकू. पूल खाली लांब हाय." मुक्काम समोरच्या काठाला. पुलापर्यंत सहा किलोमीटर मागे, मग अकरा किलोमीटर मोठ्या रस्त्याने.

आता खरी चूक, जी कुठल्या कार्यालयाची नाही, माझी आहे. तिथल्या एका आजी म्हणाल्या, "राहा की आज हितंच, पोरगी दमलीया." मी नको म्हटलं. मुक्कामाच्या खोलीचे दीड हजार रुपये आगाऊ भरले होते. तेवढ्यासाठी मी पोरीला अंधारात मोठ्या रस्त्यावर नेलं.

ज्यांनी हंगामातला रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा क्वचितच. ट्रॅक्टर तुम्हाला लांबून ओलांडतो, पहिली ट्रॉलीही जाते, आपल्याला वाटतं सुटलो, आणि दुसरी ट्रॉली झोल घेत आत येते. उसाची टोकं लेकीच्या हँडलला लागली आणि ती चरीत पडली. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या ट्रॅक्टरवाल्या पोराने गाडी थांबवली, हेडलाइटचा उजेड पाडून सायकल वर काढून दिली, दवाखान्यापर्यंत जीप बघून दिली. त्याला मी दोष देत नाही, पहाटेपासून तो ऊसतोडीच्या फडावर होता. हाड जुळलं, पण लेक पुढचं दीड वर्ष सायकलवर बसली नाही. कधी नाही म्हणाली नाही, दर वेळी गृहपाठ आहे म्हणायची.

म्हणून माझं मत आता ठाम आहे. डिसेंबरातच यायचं असेल तर जिथे ऊस विरळ होतो तिथून सायकल सुरू करा. सायकली टेम्पोत किंवा गाडीला लावून गारगोटीपर्यंत न्या आणि वेदगंगेच्या खोऱ्याने वर पाटगावकडे जा. वर भात, नाचणी, काजू आणि जंगल. पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे, मधाचं गाव म्हणूनही ते आता ओळखलं जातं, मुलीला आवडेल. जाताना चढ, येताना नदीबरोबर उतार. दोन दिवस सायकल आणि एक दिवस नुसता तिथे राहायला, इतकंच ठेवा. रोज पन्नास किलोमीटरचा हट्ट लहान मुलाबरोबर नको.

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट हा रस्ता पुष्कळ जण सुचवतील. रस्ता देखणा आहे, पण तो कोकणात उतरणारा राज्यमार्ग आहे. माझ्या लेकीला मी नेणार नाही. राधानगरीचं धरण बघायला गाडीने जा. शाहू महाराजांनी सुरू केलेलं काम आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे मुलीला जरूर दाखवा. अभयारण्य १९५८ सालचं, राज्यातलं पहिलं, तेही तिथल्या गाडीतूनच बघा. त्या सगळ्या पट्ट्यात, आणि खाली शेतांतसुद्धा, संध्याकाळी गवे उतरतात. चार वाजता सायकल मुक्कामी लागलीच पाहिजे. गवा दिसला तर जागीच थांबा, फोटोसाठी पुढे जाऊ नका.

खालच्या खोऱ्यांतूनच जायचा मोह झाला तर सकाळी सात ते अकरा. त्या वेळी ट्रॉल्या बऱ्याचशा रिकाम्या फडाकडे निघालेल्या असतात. भरलेल्या दुपारनंतर सुरू होतात त्या रात्रभर. पुढच्या वर्षी जमलं तर मात्र दिवाळी होताच या, कारखाने पेटायच्या आत.

बंधारा चालू आहे का हे कार्यालयात विचारू नका, गावच्या दूध संस्थेत विचारा. आमच्याकडे गावोगाव संस्था आहे, दूध दिवसातून दोनदा जातं, आणि कुठला रस्ता तुटलाय हे त्या गाडीवाल्याला नेमकं ठाऊक असतं. "बंधारा चालू आहे का" असं मोघम विचारलं तर हो म्हणतील. "आज सकाळी दुधाची गाडी बंधाऱ्यावरून गेली का?" असं विचारा. गाडी गेली असेल तर सायकल जाते. बंधाऱ्यावर मात्र तिघांनीही उतरून, एकामागे एक, सायकल हातात धरून चालायचं. कठडा नसतो, आणि पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या अंगाला पाणी खोल असतं.

कालव्याच्या रस्त्याचं. नियम मोडा असं मी अजिबात सांगत नाही. फाटकाला कुलूप किंवा मनाईचा फलक असेल तर मुकाट्याने मागे फिरा. पण त्या पत्राच्या मागे सुट्टी घालवू नका आणि मुलीला घेऊन कालव्याच्या कडेने जाऊच नका. कालव्याचं आतलं अस्तर तिरपं आणि गुळगुळीत असतं, पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. हे माझं मत, नियमित जाणारे अनुभवी लोकही आहेत.

बाभळीचे काटे मात्र विसरू नका. बांधावर सायकल आडवी टाकायची नाही, जादा ट्यूब माणशी दोन. वाटेत गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबा. रस उकळायच्या काहिलीपासून मुलीला चार हात लांब ठेवा, आणि गरम गूळ द्यायला लावा. काकवी प्लास्टिकच्या बाटलीत गरम भरून घेऊ नका, माझी एक बॅग त्यात गेली.

आणि मुक्कामाचे पैसे आगाऊ भरावे लागलेच, तर ते गेले असं समजूनच भरा. कुणी राहा म्हणालं तर राहा.

तारीख ठरली की इथेच लिहा. माझी मावसबहीण गारगोटीच्या वरच्या एका गावात दिली आहे, तिच्याकडून रस्त्याची त्या आठवड्यातली अवस्था विचारून तुम्हाला कळवते.