नक्षीकडून पुन्हा मातीकडे

मातीची भांडी घडवताना तुमचा ओढा आकारापेक्षा नक्षीकडे अधिक आहे हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला, कारण बडोद्यात कापडाच्या छपाईची नक्षी काढण्यात नऊ वर्षे घालवून मीही याच ओढीने पुन्हा कुंभाराच्या चाकावर बसले. नक्षीसाठी बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याची भित्तिचित्रे अवश्य पाहा. मात्र सपाट कागदावर उतरवलेली वेल मडक्याच्या फुगीर पोटावर तशीच बसत नाही. त्यासाठी भांड्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून टोके जुळतील तिथे कापावी, ती तीन वेळा दुमडून आठ समान भाग करावेत आणि घड्यांच्या खुणा भांड्यावर घ्याव्यात. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या हाताला ही रीत लगेच उमगते.

भांडे ओलसर असूनही बोटाने दबत नाही, अशा अवस्थेतच कोरावे आणि रंगीत मातीचा पातळ लेपही तेव्हाच द्यावा, म्हणजे भांडे आणि लेप एकत्र आकसतात. माझ्या पहिल्या सहा वाडग्यांना मी ते पूर्ण वाळल्यावर जाड लेप दिला होता; तो भट्टीआधीच पापुद्र्यांसारखा सुटला.

बिघडलेले कच्चे भांडे टाकू नका. ते पूर्ण वाळू द्या आणि मगच पाण्यात घाला: कोरडा तुकडा बुडबुडे सोडत पाहता पाहता विरतो, ओलसर तुकड्याचे गोळे मात्र बराच काळ तसेच राहतात. तो गाळ प्लास्टर ऑफ पॅरिसच्या जाड लादीवर पसरून पाणी शोषले गेले, की मळून पुन्हा चाकावर घेता येतो. सुमारे ६०० अंश सेल्सिअसपुढे भाजलेल्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही, म्हणून मनासारखे न उतरलेले भांडे भट्टी लावण्यापूर्वीच वेगळे काढा.