आधी जहाजातला माल बघा

सागरी स्वाऱ्यांचा अभ्यास सुरू करताय, तर १९८२ चं फॉकलंड युद्ध आधी घ्या; दक्षिण अटलांटिकमधल्या या बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले. आणि तोफा-विमानं बाजूला ठेवून माल कसा भरला, तेच वाचा. ब्रिटनपासून ही बेटं सुमारे १३,००० किलोमीटर. जहाजं घाईत भरली, हवं ते सामान तळाशी गेलं. वाटेत, अटलांटिकमधल्या असेन्शन बेटापाशी सगळं उपसून पुन्हा लावावं लागलं. किनाऱ्यावर जे आधी लागणार, ते शेवटी भरायचं. इथेच मोहिमा अडतात.

२५ मे रोजी 'अटलांटिक कन्व्हेयर' या ब्रिटिश मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं, त्यात सैनिक आणि सामान वाहणारी तीन मोठी चिनूक हेलिकॉप्टरं गेली. मग सैनिक पाठीवर ओझी घेऊन दलदलीतून बेटांच्या राजधानीकडे, स्टॅनलीकडे, चालत निघाले. हे सगळं वाचून झालं की मग लढाया वाचा.